वर्दीतला सांगावा

अंगात वर्दी, गळ्यात हार. चावडीपुढं माझा सत्कार चालला होता. तेवढ्यात कुणीतरी येऊन पाटलांच्या कानाशी लागलं आणि पाटील माझ्याकडं वळले. "ऊठ रं. आमची चुलती गेली. खालच्या तीन गावांत सांगावा घेऊन जा."

मयताची खबर पायी न्यायची, सोयऱ्यांच्या दाराबाहेर उभं राहून सांगायची आणि मिळेल ती भाकरी घेऊन परतायचं. हे काम आमच्या महारवाड्याचं. आज्जानं केलं, बानं केलं. पण मी बांगलादेशची लढाई जिंकून सुट्टीवर आलो होतो. शेजारी पाटलांचा मुलगा बसला होता. तोही जवान, मयत त्याच्याच घरचं, आणि दारात त्याची सायकल. त्याला कुणी ऊठ म्हणालं नाही. तो बुटांकडं बघत राहिला.

अंगाची लाही लाही झाली. पलटणीत आम्हांला शिकवणारा एक हवालदार होता. रशियाचं सांगायचा. तिथला झार क्रिमियाच्या लढाईत हरला, तेव्हा त्यानं जमीनदारांच्या जमिनीला जखडलेले भूदास मोकळे केले. जमीन मात्र फुकट दिली नाही. जपानकडून मार खाल्ला, लोक उठले, तेव्हा संसद दिली. जरा सावरताच तिच्या मुसक्या बांधल्या. महायुद्धात सैन्य मोडलं, तेव्हा लोकांनी झारच ठेवला नाही. मी खुळा. मला वाटलं, लढाई झाली की माणसं सुटतात. तिथं राजा हरला होता. आम्ही तर जिंकून आलो होतो. जिंकलेल्यांना काही सोडायची कसली घाई?

बा खांबाआड उभा होता. त्यानं काठी उचललीसुद्धा. "जातो जी मीच."

"बा, तू बस," मी म्हणालो. "पाटील, आमच्या घरातनं सांगावा जाणार न्हाई."

पाटलांनी आवाज चढवला नाही. "लढाई संपली गड्या. हितं गाव हाय. सुट्टी सरली की तू जाशील. तुझा बा हितंच ऱ्हाणार हाय."

दुसऱ्या दिवशी आईला दुकानात मीठ मिळालं नाही. गिरणीवाल्यानं दळण परत केलं. दुपारी आमच्या वाटेवर पाटलांचे चौघे येऊन नुसते बसले. बा म्हणाला, "जा, पाय धर. मिटंल." मी घाबरलो होतो, खोटं कशाला सांगू?

पण पाय धरले नाहीत. महारवाड्यातल्या घराघरात गेलो. इथून पुढं कुणीही सांगावा न्यायचा नाही, कुणी फुटायचं नाही, म्हणून सांगितलं. म्हातारे जागचे हलले नाहीत. पोरं उठून माझ्याबरोबर आली. मग तालुक्याला जाऊन सुट्टी वाढवून मागणारी तार केली. हरल्याशिवाय कुणी काही सोडत नसेल, तर हरवायचं. इथंच.