या गाडीत दही लागते

मी एकेकाळी गाडीला भज्यांचं तेल पाजलं आहे. इंजिनात नव्हे, तेवढी अक्कल होती. पाट्यांना, म्हणजे चाकांवर बसवलेल्या त्या पोलादी कमानींना, आणि त्यांच्या टोकांशी असलेल्या कोऱ्या करकरीत रबरांना. तेही एकदाच नव्हे, दर शनिवारी. मारुतीला ताजं तेल, गाडीला कढईतलं उरलेलं. ती तेव्हाची मी आज रस्त्यात भेटली तर मी तिला ओळख देणार नाही. दहावीला विज्ञानात बरे गुण पडलेली, आदिलाबादच्या 'शहरातून' जैनथकडच्या खेड्यात सून होऊन आलेली, आणि सासरच्या एकाही माणसाला घर्षण म्हणजे काय ते ठाऊक नसणार याची पक्की खात्री असलेली बाई! ज्याच्या गाडीवर तिने हे उपकार केले, तो माझा धाकटा दीर पुंडलिक. मागच्या महिन्यात गेला. सकाळी चहा मागितला, बायको चहा घेऊन आली तर खुर्चीतल्या खुर्चीत... पुतण्याचा फोन आला तेव्हा माझ्या मनात आधी काय आलं सांगू? भाऊजी म्हणणार, चूक माझी नाही, चहाच उशिरा आला.

कारण पुंडलिक भाऊजी कधी चुकत नसत. दुनिया चुके. आज पाऊस नाही असं त्यांनी सांगितलं आणि पाऊस आला, तर तो अवकाळी. एकदा निर्मल गावाच्या बाजूला वऱ्हाड घेऊन निघाले आणि भलत्याच गावात शिरले. मांडव दिसेना, वाजंत्री ऐकू येईना, वऱ्हाडी हवालदिल. भाऊजी खाली उतरले, चारी बाजूंना पाहिलं आणि म्हणाले, "लग्न खरं तं इथंच ठेवाले पायजे होतं. रस्ता बरा हाय." आमचं वय सारखं, त्यामुळे आमचं भांडणही बरोबरीचं. ते म्हणत, "वहिनी, तुमी शिकल्या हाय ना, मंग उगी राहा." मी म्हणे, "शिकले म्हणूनच बोलते." आमचे हे मितभाषी. आमच्या दोघांची जुंपली की ते टोपी घालून शेतावर जात.

ऐंशीच्या दशकाचा उत्तरार्ध असेल. भाऊजींनी एका सरकारी खात्याच्या लिलावातून एक म्हातारी पिकअप घेतली होती. पुढे जीपचं तोंड, मागे उघडा डाला. कापूस, ज्वारी, कडबा, सगळं वाहून नेई, कारण या वस्तूंना हाडं नसतात. माणूस बसला की त्याला स्वतःची हाडं एकेक करून मोजता येत. तिचे पाटे आखूड आणि जाड, भाकरीच्या चवडीसारखे एकावर एक रचलेले. ते वाकतच नसत. रस्त्यातला खड्डा जसाच्या तसा तुमच्या पाठीत येई.

आणि आमच्या घरात पाठीचाच तर प्रश्न होता. सासूला आम्ही आत्याबाई म्हणायचो. त्या कडब्याच्या गंजीवरून पडल्या होत्या, तेव्हापासून मणक्यात काहीतरी बिनसलं होतं. घरात उठबस करत, चूल सांभाळत, माझ्यावर नजर ठेवत, पण बैलगाडीचा एक हिसका बसला की डोळ्यांपुढे अंधारी. बसचं तर नावच नको. गाव सोडून त्या कितीतरी दिवसांत कुठे गेल्या नव्हत्या. त्यांची धाकटी बहीण तामसीकडच्या एका गावात दिलेली. माहेरचं तेवढं एकच माणूस उरलेलं. त्या पावसाळ्याच्या तोंडाशी मावशींचा निरोप आला. बाजाराला आलेल्या माणसाने ओसरीवर बसून जसाच्या तसा सांगितला, "डोयात धुकं भरून राह्यलं म्हने. अजून तोंड वयखू येते. तोवर एकदा येऊन जाय म्हनलं हाय." आत्याबाई तांदूळ निवडत होत्या, तेच तांदूळ पुन्हा निवडत राहिल्या. भाऊजी म्हणाले, "आई, मी नेतो तुले. माह्या गाडीत." आत्याबाईंनी वर पाहिलं. "तुह्या गाडीत मी बसू? आधी माहं गाडगं बसवून दाखव. सकाऊन विरजून देतो. आदिलाबादले जाऊन वापस ये. दही लागलं तं मी येतो."

विरजण लावलेलं भांडं हलवायचं नसतं हे ज्याच्या घरात चूल आहे त्याला माहीत. आमच्याकडे तर विरजलेल्या गाडग्याजवळून लेकरांना धावूही देत नसत. भाऊजींनी ते गाडगं पेंढ्यात रुतवून नेलं आणि दुपारी परत आणलं. आत ताक होतं. थोडं लोणीही आलं होतं. आत्याबाईंनी बोटाने ते चाटून पाहिलं आणि म्हणाल्या, "लोनी चांगलं काढलं रे पोरा."

दुसऱ्या कुणी नाद सोडला असता. भाऊजी इरेला पेटले. आदिलाबादला एका कापूस व्यापाऱ्याच्या दारात त्यांनी त्याच गाडीची नवी पिढी पाहिली, आणि धुतलेल्या पांढऱ्या कपड्यांनिशी भर रस्त्यात तिच्याखाली शिरले. नव्या गाडीचे पाटे लांब, पट्ट्या कमी आणि पातळ. जुन्या पाट्यांच्या टोकांना पितळेच्या नळ्या, त्यांना हप्त्याला ग्रीस भरावं लागे. नव्यांना त्या जागी रबर. जोडीला धक्का पिऊन टाकणारे लांब नळकांड्यांचे शॉकअप. भाऊजींनी कंपनीचा तो सगळा संच मागवला आणि आदिलाबादच्याच खाजाभाईंच्या गॅरेजात नेऊन टाकला. खाजाभाई त्यांचे दोस्त आणि विरोधी पक्ष. "पुंडलिकभाई," ते म्हणाले, "दादा के पाँव में पोते का जूता नक्को घुसाओ." भाऊजी म्हणाले, "दादा को दौडना है तो?" नवा पाटा जुन्या जागेत मावेना, वीतभर लांब. मग माझ्या शिलाईयंत्रावरची टेप उचलून नेऊन मापं घेतली, मागचे हूक कापून सांगाड्यावर मागे सरकवून जोडले, शॉकअपना धरायला नव्या पट्ट्या केल्या. टेप परत आली ती काळी होऊन. तिने मी पुढे ज्या पोलक्यांची मापं घेतली, त्यांच्या मालकिणी अजून मला बोल लावतात.

पोळ्याच्या सुमाराला गाडी घरी आली. नवरीसारखी दोन बोटं उंच उभी. रस्ते सुकू देऊ, दसऱ्याआधी दही लावू, असं ठरलं. आणि इथे माझं विज्ञान जागं झालं. पूर्वी भाऊजी दर आठवड्याला गाडीखाली निजून ग्रीस भरायचे. आता हातच लावेनात. वर नवं रबर कुरकुर वाजे. मी मनाशी म्हटलं, बघा, बढाया मारायला पुढे, देखभालीला मागे! जिथे घर्षण तिथे तेल, इतकं साधं. भाऊजींना सांगितलं असतं तर "तुमी शिकल्या हाय ना" ऐकावं लागलं असतं. म्हणून ते दुपारी निजले की मी वाटीत तेल घेऊन जायची आणि रबर न् रबर न्हाऊ घालायची. कुरकुर थांबली! इतका अभिमान मला लग्नातही वाटला नव्हता. एक दिवस सगळ्यांसमोर सांगेन, तुमची गाडी कुणामुळे चालते आहे ते... असे मनसुबे. सांगायची वेळ आली, पण ती वेगळ्या थाटात.

दसऱ्याआधी गाडगं निघालं. आत्याबाईंच्या वतीने पहारा करायला मला मागे डाल्यात बसवलं. जैनथच्या पुढे जातो न जातो तोच खालून ठोके यायला लागले. खट्ट, खट्ट, लोखंडावर लोखंड. वळणावर गाडी पिदाडासारखी कलायची आणि मग दचकून सावरायची. घरी आलो तर गाडग्यात पाणी वेगळं, गोळे वेगळे. या वेळी आत्याबाईंनी चाटूनही पाहिलं नाही. झाकण परत ठेवलं. "राहू दे पुंडलिका. निरोप पाठव तिले. नाई जमत म्हनाव." त्या आत गेल्या आणि भिंतीकडे तोंड करून निजल्या. दिवसाउजेडी निजलेल्या आत्याबाई मी पहिल्यांदाच पाहत होते. भाऊजी गाडीच्या चाकाला टेकून बसले होते.

दुसऱ्या दिवशी गाडी गॅरेजात. माझं माहेर जवळच होतं, म्हणून मीही गेले. खाजाभाईंनी पाट्याचं टोक सोडवलं आणि आतलं रबर बाहेर काढलं. काढलं म्हणजे काय, ते सुजून, भिजल्या पावासारखं त्यांच्या बोटांना चिकटून आलं. त्यांनी ते नाकाशी नेलं. मग पुन्हा नेलं.

"पुंडलिकभाई, रबर में से भज्जे की बास कायकू आरी? गाडी को नाश्ता कराए क्या?"

भाऊजींनी तो गोळा घेतला, हुंगला आणि सावकाश माझ्याकडे पाहिलं. मी समोरच्या भिंतीवरची टायरची जाहिरात फार मन लावून वाचत होते. रबराला तेल म्हणजे विष हे माझ्या विज्ञानाच्या पुस्तकात नव्हतं, निदान मी वाचलेल्या पानांवर तरी नव्हतं. तेवढ्यात मागून भाऊजींचा आवाज आला, "मैंच डाला. गलती हो गई."

खाजाभाईंच्या हातातला पाना थांबला. "क्या बोले? फिर से बोलो, मिस्त्री लोगां को बुलाता हूँ."

भाऊजी पुन्हा म्हणाले. त्या दिवशी संध्याकाळी घरी येऊन आत्याबाईंच्या उशाशीही म्हणाले, "आई, पाटे चांगले हाय. मीच त्या रबराले भज्याचं तेल देऊन राह्यलो होतो. माहं चुकलं. आता नवं रबर टाकलं. एक डाव अजून विरजून दे." मी दाराआड उभी होते. 'ते नाही, मी' एवढे तीन शब्द ओठांपर्यंत आले होते... तिथेच राहिले. बढाईखोर म्हणून ज्याची मी रोज चेष्टा करायची, त्याने आपलं सगळ्यात महागाचं जे होतं ते माझ्यासाठी खर्चून टाकलं, आणि मी पदराशी चाळा करत उभी!

त्या गाडग्यात दही लागलं. असं लागलं की आत्याबाईंनी गाडगं आडवं केलं तरी ते हललं नाही. दसऱ्याच्या दिवशी आम्ही त्यांना गादीवर लोड लावून डाल्यात बसवलं आणि तामसीकडे निघालो. भाऊजी अंडी विकायला निघाल्यासारखे चालवत होते. सायकलवाले आम्हाला मागे टाकून हसत जात होते. खड्डा आला की मी आत्याबाईंच्या तोंडाकडे बघे. एकदाही त्यांचे डोळे मिटले नाहीत. शेवटी त्या म्हणाल्या, "त्याले म्हनाव जरा जोरात हाक. अंधार पडन अशानं." मावशी अंगणात काठी धरून उभ्या होत्या. त्यांनी बहिणीला हाताला धरून सावलीतून उन्हात नेलं, लुगड्याचा रंग पारखावा तसं तिचं तोंड दोन्ही हातांत धरून इकडे वळवलं, तिकडे वळवलं. "मायबाई, केस पांढरे झाले तुहे. मले वाटलं माहेच झाले." मग दोघी किती वेळ तशाच उन्हात बसल्या. सोनं द्यायला आणलेली आपट्याची पानं आत्याबाईंच्या मुठीतच राहिली. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत मावशींना दिसेनासं झालं. पण त्या सांगत, ताईचं तोंड शेवटचं आणि नीट पाहून ठेवलं आहे, आता धुकं आलं तरी चालतं.

त्या दसऱ्यानंतर भाऊजी जे सुटले ते सुटलेच. गाडीच्या मागच्या फळीवर त्यांनी पेंटरकडून मोठ्या अक्षरांत लिहून घेतलं, 'या गाडीत दही लागते'. नव्वदच्या दशकात आमच्या बाजूच्या किती गरोदर बाया, किती प्लास्टरातले पाय त्या डाल्यातून दवाखान्यात गेले त्याचा हिशोब नाही. आणि 'चुकलं' हा शब्द त्यानंतर त्यांच्या तोंडून पुन्हा कधी कुणी ऐकला नाही. मला त्यांनी एका शब्दाने टोकलं नाही. फक्त घरात भजी झाली की सगळ्यांसमोर विचारत, "वहिनी, गाडीसाठी ठेवले ना दोन?" लोकांना वाटे यांना वाटेत खायला हवीत. मी निमूट कागदात बांधून देई.

तेरवीला गेले होते तेव्हा गाडी त्यांच्या अंगणात कडुनिंबाखाली उभी होती. भाऊजी होते तोवर आलेल्या प्रत्येक पाहुण्याला तिच्यापाशी नेऊन एक खेळ दाखवत. दोन्ही तळवे पुढच्या कोपऱ्यावर ठेवून पूर्ण वजनाने दाबायचं आणि सोडून द्यायचं. "एकदा उठली पायजे अन् गप झाली पायजे. नाचली का समजा शॉकअप गेले." सगळे जेवायला बसले होते. मी जाऊन तळवे ठेवले. आता माझं वजन ते काय! तरी जीव लावून दाबलं. ती खाली गेली, एकदा उठली, आणि गप झाली.

तामसीहून परतलो त्या संध्याकाळी आत्याबाईंचे पाय चेपताना माझा धीर सुटला होता. मी म्हटलं, आत्याबाई, तेल भाऊजींनी नव्हतं घातलं, मी घातलं होतं. त्यांनी डोळे उघडलेसुद्धा नाहीत.

"मले तवाच समजलं, पोरी. त्याले भजे खाता येते, कढई कुठी ठेवते ते बी माईत नाई. पन माह्या पुंडलिकानं जनमात एकदाच 'चुकलं' म्हटलं, अन् ते बी दुसऱ्यासाठी. आता ते मी कायले वापस देऊ वं?"