केसरबाईची मिरची

केसरबाई आमची शेजारीण. बाई अशी तोंडाळ, की विहिरीवर तिच्याशी भांडण झालं नाही असं घर गावात सापडायचं नाही. माझंही झालंय. पण तिच्यासारखं काळीज मी दुसरं पाहिलं नाही.

दोंडाईच्याजवळच्या आमच्या गावात पूर्वी घरोघर मिरची. मग टेकडीत दगडाची खाण लागली, खडीची मशीन आली आणि वाळत घातलेल्या मिरचीवर पांढरी धूळ बसायला लागली. दाताखाली कचकचणारी मिरची कोण घेणार? लोकांनी मिरची सोडली अन् खाण धरली. केसरबाईचा नवरा तिथं राबता राबता खोकून गेला. आता एकुलता एक पोरगा लोटनही तिथंच.

"तुले खाणमाइन काढसूच," असं खाणीतून सोडवायचं ती त्याला येता-जाता ऐकवायची. ब्याण्णव साली तिनं भडगावकडच्या माहेरून जुन्या मिरचीचं बी आणलं. नाल्यापलीकडे, धूळ पोचत नाही तिथं रोपं लावली. लोक हसले. तिनं सगळ्यांचा उद्धार केला अन् पाणी देत राहिली. लोटन म्हणाला, "मिरची चांगली ऊनी, का मी खाण सोडसू." मिरची नुसती लालेलाल झाली, आणि पोरानं शब्द पाळला.

पहिली मिरची वाळली तशी केसरबाईनं लोटनला ओट्यावर बसवलं. आम्हा बायांना बोलावलं. मीठ-मिरच्या त्याच्यावरून उतरवल्या आणि चुलीत टाकल्या. ठसका लागला नाही तर दृष्ट समजायची, लागला तर काही नाही. असा ठसका उठला म्हणता! सगळ्या खोकत बाहेर पळालो. केसरबाई डोळे पुसत हसत होती, "दृष्ट नही शे मना पोऱ्याले!"

आमचा खोकला थांबला. लोटनचा थांबेना. त्याच्या हातातल्या रुमालावर रक्त दिसलं, तेव्हा तिचं हसू गेलं.

धुळ्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, छातीत दगडाची धूळ भरलीय. धूर नको, मिरचीचा खकाणा तर अजिबात नको. ज्या पिकासाठी त्याला बाहेर ओढलं, त्याच्याजवळ त्याला उभंही राहता येईना. मेलं नशीब, दुसरं काय! लोटनला दवाखान्यात ठेवलं, ती त्याच्या उशाशी बसून राहिली. मिरची शेतातच पडून होती. अवकाळी पाऊस आला, सगळी काळी पडून सडली. मी स्वतः जाऊन पाहिली अन् तिला सांगितलं. ती लोटनचं पांघरूण नीट करत राहिली. भांडणारी बाई गप्प बसली की भीती वाटते.

दुसऱ्या दिवशी दुपारी लोटननं डोळे उघडले अन् पहिलं विचारलं ते मिरचीच्या विक्रीचं. "माय, मिरची इकाई गयी का?"

"गयी ना बाबा. बठ्ठी गयी," केसरबाई म्हणाली.

"मंग आते मी खाणमा जावाव नही," तो म्हणाला. किती समाधानानं म्हणाला! तिनं त्याच्या कपाळावरून हात फिरवला, आणि हात फिरत असतानाच लोटन गेला.