साहेब होऊन बसणाऱ्या कुसुमताई

कुसुमताई गेल्याचं मला कोर्टाच्या आवारातल्या चहावाल्यानं सांगितलं. ग्लास पुढे करता करता तो म्हणाला, "वकील साहब, टेंभरे मॅडम नहीं रहीं. नागपूर में, आज सुबह." मी चहा प्यायलो, ग्लास परत दिला, वर गेलो आणि युक्तिवादही केला. काय बोललो ते आजही आठवत नाही. समोरचे वकील नंतर म्हणाले, छान मांडलंत. खाली आल्यावर मात्र बार रूमच्या पायरीवर जो बसलो तो काही केल्या उठवेना... पुढे तेरवी झाली, शोकसभाही झाली. सभेत जो उठला त्यानं त्यांना रणरागिणी म्हटलं, आणि मला मनापासून राग आला. कसली रणरागिणी? चारचौघांत या बाईंनी कधी आवाज चढवला नाही. गोंदियाच्या कोर्टात सरकारी खात्यांविरुद्ध त्या आयुष्यभर उभ्या राहिल्या, पण त्यांच्याइतकं हळू बोलणारं त्या इमारतीत दुसरं कोणी नव्हतं. त्यांची खरी गंमत वेगळीच होती, आणि ती सांगायला त्या दिवशी माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. म्हणून आज लिहितो आहे.

कुसुमताई कामठ्याच्या, पोवार शेतकऱ्याच्या घरच्या. वडील धानाची शेती करायचे आणि दिवाळीनंतर गावोगावच्या मंडया, म्हणजे जत्रा, सुरू झाल्या की नाटकात फौजदार, जमीनदार, तहसीलदार अशी डोळे वटारायची कामं करायचे. लहानपणी कुसुमताई त्यांच्या तालमीला बसायच्या. ते सगळं त्यांच्या अंगात असं मुरलं होतं की वकिली करतानाही गेलं नाही. त्यांच्या घरी पडवीत कोणी तक्रार घेऊन आलं, म्हणजे गळकी शाळा, महिनोन् महिने न उघडणारं रेशन दुकान, भलत्याच्या नावावर गेलेली जमीन, तर त्या आधी कागद बघायच्या नाहीत. खुर्चीत मागे रेलायच्या, चष्मा कपाळावर चढवायच्या आणि साहेब व्हायच्या. "काय आहे? आज नाही. उद्या या." समोरचा गांगरून जायचा. "मॅडम, मी त तुमच्याकडे..." "मॅडम कोण? मी साहेब आहो. बोल लवकर, मीटिंग आहे." हे सोंग त्या इतकं हुबेहूब वठवायच्या की काही माणसं खरंच उठून चालू लागायची. मग त्या हसायच्या, त्याला पाणी द्यायच्या आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू. माणूस मान वर करून आपलं म्हणणं पुरं सांगेपर्यंत वकीलपत्रावर सही व्हायची नाही. आम्ही बारमधले लोक या प्रकाराला बाईंची नाटक कंपनी म्हणायचो. एकदा मी त्यांना विचारलंच, एवढा खटाटोप कशाला करता, तुम्ही आहात ना बोलायला? त्या म्हणाल्या, "कोर्टात मी बोलीनच. पण ऑफिसात मी बोलली तर साहेब मला उत्तर देईल, त्यांना नाही. मी घरी आली की ते पुन्हा होते तिथंच."

सुरुवातीला मात्र आमची ओळख नमस्कारापुरतीच होती. ती पक्की झाली सालेकशाकडच्या एका गावामुळे. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, खात्याचंही नाही. जंगलाच्या कडेचं गाव, मध्ये नाला, आणि नाल्यावर रपटा नाही. रपटा म्हणजे ठेंगणा पूल, नाल्याला पाणी असलं तरी गाडी जाऊ देणारा. पावसाळाभर दवाखान्याची गाडी नाल्याच्या अलीकडेच थांबायची. आदल्या पावसाळ्यात एका बाळंतिणीला खाटेवर घालून पाण्यातून पलीकडे नेलं होतं. ती वाचली, बाळ हाती लागलं नाही. आता त्याच घरातली धाकटी सून, रमशीला, पोटुशी होती आणि तिचे दिवस ऐन पावसात भरत होते. तिचा सासरा झनकलाल कुसुमताईंकडे आला तो एवढंच घेऊन, की या वेळी गाडी दारापर्यंत आली पाहिजे. खात्यानं कोर्टात लिहून दिलं की रस्ता उत्तम आहे, तक्रार खोटी आहे. तेव्हा प्रत्यक्ष जाऊन जागा पाहायला कोर्टानं कोर्ट कमिशनर नेमला. तो मी. नवखा वकील होतो, काम मिळालं म्हणून खुशीत होतो. गावात मात्र बातमी गेली ती कमिशनर येणार अशी, आणि नागपूरचा कोणी बडा अधिकारी येतो आहे असं समजून गाव हादरलं.

मी मोटारसायकलनं निघालो, इंजिनिअरसाहेब खात्याच्या जीपनं. धूळ-खड्डे तुडवायचे म्हणून मी जुन्या चपला घातल्या होत्या. आणि बघतो तर काय, रस्ता गुळगुळीत! ताजा मुरूम पसरलेला, वर धुम्मस मारून बसवलेला, धूळ उडू नये म्हणून पाणी शिंपडलेलं. नाल्यात दगड आणि लाकडं रचून वर मुरमाची छान वाट केलेली. जीप डुलत डुलत पलीकडे गेली. झनकलाल डोक्याला नवा दुपट्टा बांधून उभा होता. "या साहेब, या. रस्त्यानं तरास नाही झाला न?" त्याचा चेहरा अभिमानानं नुसता फुलला होता. तेवढ्यात एसटीनं आणि पुढे कोणाच्या तरी सायकलीमागे बसून कुसुमताई पोचल्या. त्यांनी रस्ता पाहिला आणि तोंडावर पदर धरला. रडताहेत की हसताहेत ते मला कळेना.

"झनकलालजी, हे काय करून ठेवलं?"

"पाव्हने येनार होते न मॅडम. साहेबाची गाडी आमच्या गावात फसली असती त गावाची इज्जत राहिली असती का?"

आता यावर काय बोलणार! जो पुरावा पाहायला कोर्टानं मला पाठवलं, तो गावानं पाहुणचारापायी स्वतःच्या हातानं बुजवून टाकला होता. इंजिनिअरसाहेबांना तर आयतंच सापडलं. "लिहून घ्या कमिशनरसाहेब. रस्ता वाहतुकीला योग्य. आमच्या खात्यानं केलेला." मी पेन काढलं. माझं काम दिसेल ते लिहिणं. गावकरी कुसुमताईंकडे पाहू लागले. त्यांच्या पडवीत पाठ झालेली सगळी वाक्यं खड्ड्यांबद्दलची होती, आणि खड्डे तर कुठेच नव्हते. कुसुमताई मोहाच्या झाडाखाली दगडावर जाऊन बसल्या. त्या काहीतरी मुद्दा काढतील, हरकत घेतील, असं मला वाटलं. पण त्यांनी नुसतं पाहुण्यांसाठी पाणी मागवलं.

तेवढ्यात पाण्याचे पेले घेऊन रमशीला आली. पावलं जड पडत होती. तिनं मला पाणी दिलं, इंजिनिअरसाहेबांना दिलं, आणि पदर सारखा करून म्हणाली, "रस्ता मस्त झाला न साहेब? तुमच्या गाडीसाठी सारं गाव खपलं. माझी जाऊ खाटेवर गेली, तवा एकानं घमेलं नाही उचललं. पानी आलं का हा मुरूम एका दिवसात वाहून जाते. मंग मी कशावरून जाऊ, तेवढं सांगा."

हे ती आम्हाला म्हणाली की गावाला, कोण जाणे. झनकलालचा हात डोक्याकडे गेला आणि त्यानं नवा दुपट्टा हळूच सोडला. मग झनकलालच पुढे आला. "लिवा साहेब. मुरूम आमी टाकला. खात्याचा एक दगड नाही ह्याच्यात. आमच्यानं चुकी झाली." आणि मग जो तो बोलू लागला. मुरूम कोणाच्या धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, आणला, लाकडं कोणी तोडली, आधी इथे काय होतं. मी लिहून लिहून दमलो. शेवटी मी त्या पोरीला नाव विचारलं. म्हणाली, "रमशीला. पुरं लिवा, नुसतं सून म्हनून नोको लिवा." परतताना कुसुमताई माझ्या मोटारसायकलवर मागे बसल्या होत्या. वाटेत एकदाच बोलल्या. "मी मेहनत घेतली सासऱ्यावर, आणि बोलली कोण? हिला तर मी पाणी आणायला पाठवलं होतं." आणि मग सालेकसा येईपर्यंत हसत राहिल्या.

कोर्टानं पावसाआधी रपटा करण्याचा आदेश दिला. पण आदेश निघाला म्हणजे काम झालं असं नाही, हे आमच्या धंद्यात कोणाला सांगायला नको. इथे कुसुमताईंचा दुसरा स्वभाव कामी आला. इंजिनिअरसाहेबांना त्यांनी कोर्टात एका शब्दानंही दुखावलं नव्हतं. खोटं बोललात असंसुद्धा म्हणाल्या नाहीत, खात्याला चुकीची माहिती मिळाली एवढंच म्हणाल्या. बाहेर आल्यावर त्यांना चहा पाजला आणि झाडीबोलीत विचारलं, "काय गा, तुमची बायको बाळंतपनाले गाडीनंच गेली न?" तो माणूस त्यानंतर ऊन डोक्यावर घेऊन त्या नाल्यात उभा राहिला. आभाळ भरून यायला लागलं तेव्हा रपट्याचं काम पुरं झालं. आणि एका सकाळी झनकलालचा फोन आला, मी तेव्हा कुसुमताईंच्या पडवीतच बसलो होतो. तो इतका ओरडत होता की मलाही ऐकू येत होतं. "मॅडम, गाडी दारात आली! दारात! नाल्याले पानी हाय, तरी आली!" फोन ठेवल्यावर आमच्या लक्षात आलं की मुलगा झाला की मुलगी, हे सांगायचं तो विसरलाच. मुलगी झाली होती. ती आता डोंगरगडच्या बाजूला मामाकडे राहून कॉलेजात जाते.

सगळ्या केसेस अशा जिंकल्या असं मुळीच नाही. काही त्या हरल्या, काहींत आदेश निघाला आणि अंमलबजावणी झाली नाही, काही अजून चालू आहेत. मी चिडायचो, या व्यवस्थेच्या नावानं बोटं मोडायचो. शेवटची भेट झाली तीही अशाच एका चिडचिडीत. त्या आजारानं पार वाळल्या होत्या. भाचीला जवळ बसवून डॉक्टरांना काय काय विचारायचं याची तालीम घेत होत्या, डॉक्टर अर्थात स्वतः झाल्या होत्या. मी म्हटलं, ताई, एवढ्या केसेस लढलात, पण साहेब लोक आहेत तसेच आहेत. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. मला वाटलं, आता साहेब होतात. पण त्यांनी तो पुन्हा खाली घेतला. मग म्हणाल्या, "साहेब बदलायचं कंत्राट मी कधी घेतलं होतं? सौंदडचे ते लोक आठवतात, हरलेल्या केसवाले? परवा येऊन गेले. म्हणाले, आता ऑफिसात गेलो की स्वतःच खुर्ची ओढून बसतो. मला पुरे आहे तेवढं..."

गेल्या आठवड्यात मी त्या गावी गेलो. कोर्टाचं काही काम नव्हतं. घरी बसवत नव्हतं, एवढंच. भर दुपार होती. रमशीलाच्या अंगणात बायका जमल्या होत्या, सुतकी चेहऱ्यानं नव्हे, चांगल्या कलकलाट करत. अंगणवाडीचं छत गळतं आहे, त्यासाठी येत्या काही दिवसांत साहेब येणार, त्याची तालीम चालली होती. साहेब झालेली बाई सारखी हसत होती, त्यामुळे गाडी पुढे जात नव्हती. मला पाहून रमशीला म्हणाली, "बरे आले कमिशनर साहेब. तुमचं तोंड हसत नाही. बसा खुर्चीत."

मी बसलो. उद्या या, म्हणालो. निधी नाही, म्हणालो. वर लिहून पाठवतो, म्हणालो. प्रत्येक वाक्याला समोरून चोख उत्तर आलं. आणि मग काय झालं कोणास ठाऊक, माझ्या तोंडून जे निघालं ते ठरवून निघालं नव्हतं. "तुमच्या टेंभरे मॅडम तर गेल्या," मी म्हणालो, "आता तुमच्या बाजूनं आहे कोण?"

एका म्हातारीनं पदर डोळ्याला लावला. रमशीलानं दुसरी खुर्ची ओढली, माझ्यासमोर ठेवली, तिच्यावर बसली आणि सरळ माझ्या डोळ्यांत पाहून म्हणाली, "अन् आमी कोन दिसून राहिलो तुमाले?"