एका कपाला एक बिस्किट

डबा उघडा राहिला तो माझ्यामुळे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कोणाला शोधाशोध नको.

आमच्या ओस्टरडीप गावच्या फुटबॉलच्या मैदानात पंचांची खोली म्हणजे फ्राउके वीर्समा. गावात लहानथोर तिला फ्राउके मावशीच म्हणतात. तीस वर्षं तिने सायकलवरून टपाल वाटलं आणि त्याहून एक वर्ष जास्त, म्हणजे एकतीस वर्षं, ही खोली फुकट सांभाळली. सामन्याच्या दिवशी पंच आले की कोरडे टॉवेल आणि कॉफी, आणि सामना संपला की मोहरीचं गरम सूप. कॉफीच्या एका कपाला एक बिस्किट. ते दिलं की डब्याचं झाकण टक्कन बंद. तशी ही रीत गावातल्या प्रत्येक घरात आहे, पण मावशीच्या झाकणाचा आवाज निराळाच. तो ऐकल्यावर दुसरं बिस्किट मागायची छाती आजवर कोणाला झालेली नाही. आमचा संघ हरो की जिंको, सूप तेवढंच आणि बिस्किटही तेवढंच. तिचा नवरा सीत्से चौथ्या रांगेतून पंचांच्या सात पिढ्यांचा उद्धार करतो आणि मावशी त्याच पंचांना सूप वाढते. घरी मात्र पंच हा विषय काढायचा नाही, असा तिचा सीत्सेला कायमचा दम आहे.

यंदा आम्ही कसेबसे वरच्या डिव्हिजनमध्ये चढलो होतो. नोव्हेंबरात मावशीच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं आणि एका सामन्यापुरती खोली माझ्याकडे आली. मी कॉफी दिली, बिस्किटं दिली आणि डबा तसाच टेबलावर ठेवून आमचा संघ सराव करताना बघायला गेलो. परत आलो तर डब्यात फक्त चुरा! चौघा पंचांनी मिळून अख्खा डबा फस्त केलेला. त्यात पंच व्हेरमास यांनी अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटाला आम्हाला पेनल्टी दिली आणि आम्ही जिंकलो. पाहुण्या संघाचे प्रशिक्षक तणतणत खोलीशी आले. त्यांनी आधी पंचांकडे पाहिलं, मग डब्याकडे पाहिलं. दुसऱ्या दिवशी जिल्ह्याच्या पेपरात मथळा: 'पंचांपुढे अख्खा डबा!'

मावशी कुबडी टेकत माझ्या दारात उभी राहिली.

"झाकण लावलं होतंस?"

"मावशी, पाचच मिनिटं..."

"लावलं होतंस की नाही?"

"नाही."

ती वळली आणि गेली. पुढे तीन आठवडे माझ्याशी एक अक्षर नाही. डिसेंबरात सिंटरक्लासच्या सणाच्या संध्याकाळी आमच्याकडे भेटवस्तूबरोबर टोमण्याची कविता देतात. मला आलेल्या पुडक्यात नुसतं एक झाकण होतं आणि खाली टपालखात्याच्या ठसठशीत अक्षरात:

'सामना बघाया निघाला गडी,
झाकण लावाया नव्हती सवडी.'

मी हसलो. पण मावशीचं हसू गेलं होतं. एकतीस वर्षांत या खोलीबद्दल कोणी ब्र काढला नव्हता आणि आता बेकरीत बायका विचारायच्या, "फ्राउके, आज किती बिस्किटांना एक पेनल्टी गं?" वर क्लबचे अध्यक्ष वोल्टर्स घरी येऊन सांगून गेले, "मावशी, यापुढे खोलीबद्दल एक शब्द जरी छापून आला, तरी पुढच्या वर्षीपासून बाहेरचा केटरर. माझा नाइलाज आहे."

"बरं," एवढंच ती म्हणाली. सीत्से सांगत होता, त्या रात्री तिने घरातली सगळी झाकणं घासली.

हंगाम सरकत राहिला. जानेवारीत हरलो, फेब्रुवारीत हरलो, मार्चमध्ये बरोबरी आली तर गावाने झेंडे लावले. मे महिन्यात शेवटचा सामना उरला. अठरा संघांत आम्ही पंधरावे. बरोबरी झाली तर वरच राहणार, हरलो तर खाली जायची टांगती तलवार. आणि पंच कोण? व्हेरमासच!

सकाळी दहा वाजता वोल्टर्स पेस्ट्रीचं मोठं खोकं घेऊन खोलीत हजर. वर गुलाबी साखर, आत मलई.

"मावशी, आजच्या दिवस जरा... गोडधोड."

"वोल्टर्स, तुझ्या घरी मी वीस वर्षं पत्रं टाकलीत. तू लहानपणीही असाच होतास. ते खोकं उचल, नाहीतर मीच पेपरवाल्याला फोन लावते."

खोकं गेलं. मदतीला आलेला मी टॉवेल मोजण्यात फार गढून गेलो होतो.

पंच आले. कॉफी आली. बिस्किट काही येईना. व्हेरमासनी कपाकडे पाहिलं, बशीकडे पाहिलं, मग मावशीकडे.

"मावशी, बिस्किट?"

"नोव्हेंबरात खाल्लंत."

मग एक लाइन्समन चाचरत म्हणाला, "मी... मी नव्हतो नोव्हेंबरात."

मावशीने चष्मा लावला, भिंतीवरची नोव्हेंबरातल्या पंचांची यादी बघितली, डबा उघडला, त्याच्या बशीत एक बिस्किट ठेवलं आणि टक्कन झाकण लावलं. बाकीचे तिघे ते बिस्किट संपेपर्यंत त्याच्या तोंडाकडे बघत होते.

एक-एक अशी बरोबरी चालू असताना ब्याऐंशीव्या मिनिटाला व्हेरमासनी पेनल्टी दिली. आमच्याविरुद्ध! सीत्सेचा आवाज खोलीपर्यंत आला. मी खिडकीला चिकटलो. मावशी सूप ढवळत होती. आमच्या गोलकीपरने चुकीच्या बाजूला उडी मारली, पण मागे राहिलेल्या नडगीवर चेंडू आपटला आणि बाहेर गेला. सगळं मैदान बोंबललं. मावशीने सूप चाखलं आणि चिमूटभर मीठ घातलं.

बरोबरी टिकली. आम्ही वरच राहिलो. बाहेर लोक एकमेकांच्या गळ्यात पडून रडत होते आणि आत चौघे पंच सूप पीत होते. तेवढ्यात नोव्हेंबरात तो मथळा देणारा पेपरवाला दारातून डोकावला. त्याने डबा पाहिला. बंद. मग पंचांना विचारलं, "आज पाहुणचार कसा काय?"

"उपाशी होतो," व्हेरमास म्हणाले. "बिस्किट फक्त एकाला मिळालं, तेही चौकशी करून."

पेपरवाला पोट धरून हसला आणि उद्या हेच छापतो म्हणून गेला. मागोमाग दाराबाहेर सगळं ऐकलेले वोल्टर्स आले, साखरेची गुलाबी मिशी घेऊन.

"मावशी, असं छापून येणार असेल तर केटररचं रद्द. खोली तुमचीच."

"मिशी पूस," मावशी म्हणाली. पण पाठ वळल्यावर गालात हसली. नोव्हेंबरानंतर पहिल्यांदाच.

सगळे गेल्यावर आम्ही कप धुवायला लागलो. ती धूत होती, मी पुसत होतो. मला राहवेना.

"मावशी, खरं सांग. ती पेनल्टी आत गेली असती आणि आपण खालच्या डिव्हिजनमध्ये गेलो असतो तर?"

"तिथेही पंच येतातच."