एकोप्याचा माठ

फळ्याखाली खडूची भुकटी साचते, तसे मास्तराजवळ किस्से साचतात. झटकले तरी उरतातच. मंडळी म्हणतात, "गुरुजी, हसवा जरा!" हसवतो. पण सांगता सांगता माझं डोकं तापलं, तर मला बोल लावू नका.

गिरडच्या अलीकडच्या एका खेड्यात माझी शाळा होती. आमचा मुलूख नुकताच मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात आला होता. मुलांमध्ये एकोपा वाढावा म्हणून सरकारनं शाळेला ग्रँट पाठवली.

आता आमचा एकोपा ऐका! ओट्यावर पाण्याचा एकच माठ. सगळी पोरं आपल्या हातानं पाणी घेत. गावकुसाबाहेरच्या वस्तीतली सुखी मात्र पायरीखाली ओंजळ धरून उभी राही आणि नारायण चपराशी वरून धार सोडी. नारायण बाहेर गेला, की पोरगी दिवसभर तहानलेली!

ग्रँटमधून हेडमास्तरांनी पहिलं काय आणलं? पाटी! 'आपण सारे एक.' टांगली कुठं? बरोबर माठाच्या वर!

चौथीतल्या सुखीनं ती मोठ्यानं वाचली आणि विचारलं, "मंग मी पानी घेऊ काय, गुरुजी?"

"ती पाटी तपासणीला येणाऱ्या साहेबांसाठी आहे," हेडमास्तर म्हणाले. "तू खाली हो!"

आणि मी? मी हजेरी घेत बसलो. माझा स्वतःवरचा तो राग अजून गेलेला नाही.

*

मग निघाली 'एकोपा सहल', गिरडच्या दर्ग्याला. अहो, त्या टेकडीवर हिंदू-मुसलमान सगळा मुलूख आधीपासूनच नवस फेडायला जातो! तिथं एकोपा शिकवायला सरकारी पैशानं दोन बैलबंड्या ठरवल्या. बंडीत सगळी पोरं, आणि सुखी मागून पायी! मी उतरून तिच्याबरोबर चाललो, एवढीच माझी मर्दुमकी.

वर म्हाताऱ्या मुजावरानं एकाच परातीतून सगळ्यांच्या हातावर मलिदा ठेवला. सुखीचा तर हात धरून ठेवला. ती माझ्या कानाशी लागली, "गुरुजी, या बाबाले कोनी सांगतलं नाई वाटते!"

*

उरलेल्या पैशात नाटक! हेडमास्तरांनी स्वतः लिहिलेलं. एक अस्पृश्य मुलगी गावाच्या माठातलं पाणी पिते, गाव टाळ्या वाजवतं, पडदा! आणि त्या मुलीचं काम कोणाला दिलं? पाटलाच्या कमलला!

मी म्हटलं, "अहो, सुखी आहे ना!"

"वेडे आहात का? नाटकात माठ शाळेचाच आहे. ती शिवल्यावर त्यातलं पाणी कोण पिणार?"

असं बोलताना माणसाची जीभ झडत कशी नाही!

तालीम वर्गात चाले. सुखी ओट्यावरच्या खांबाला टेकून ऐकत राही. पंधरा दिवसांत तिला कमलचंच काय, सगळ्यांचंच काम पाठ झालं.

*

नाटकाच्या दिवशी साहेबांची जीप आली, आणि पाटलाच्या घरून निरोप आला. कमल तापानं फणफणली होती. पाटीलही तिच्याजवळच थांबले होते.

हेडमास्तरांना घाम फुटला. "नाटक रद्द!" म्हणाले.

मी म्हटलं, "साहेबांना काय सांगणार? ग्रँट कुठं गेली म्हणून?" जन्मात पहिल्यांदा मी त्यांच्यावर आवाज चढवला होता.

"मग घ्या त्या सुखीला! पण नारायण, माठ रिकामा कर."

नारायण म्हणाला, "आता कसा करू? माठ तं साहेबाच्या फुड्यात ठेवला न!"

"सुखे, नुसतं प्यायल्यासारखं कर! समजलं?"

सुखीनं मान हलवली. स्टेजवर गेली, सगळं बोलली, माठात पेला बुडवला आणि प्यायली. घटाघटा. मग दुसरा पेला. साहेबांनी टाळ्या वाजवल्या, म्हणून गावालाही वाजवाव्या लागल्या.

साहेब हातातला कार्यक्रमाचा कागद बघत उठले. "शाबास, कमल! पाटलांची लेक, पण काम किती खरं केलं! समाजानं हिच्यापासून शिकावं. आण बाळ, तुझ्या हातचं पाणी मलाही पाज!"

सुखीनं पेला भरून दिला. साहेबांनी अर्धा संपवला.

"सायेब, मी कमल नोहो. मी सुखी. गावाभाईरच्या वस्तीतली."

साहेबांनी पेला खाली ठेवला. रुमालानं ओठ पुसले. परत पुसले. मग हेडमास्तरांकडं वळून हळूच म्हणाले, "जरा चूळ भरायला पाणी मागवा."

हळूच म्हणाले, पण पहिल्या रांगेनं ऐकलं. हेडमास्तरांनी नारायणकडं पाहिलं. नारायणनं दोन्ही हात पाठीमागं घेतले आणि तो जागचा हलला नाही.

सुखी माठाशीच उभी होती. तिनं पेला उचलला, माठात बुडवून काठोकाठ भरला आणि पुढं केला.

"घ्या न, सायेब."