शिंप्याच्या घरातला रशियन

चित्राच्या रंगांत मिसळतात त्या जवसाच्या तेलाचा वास आला की अजूनही भिंगारचं आमचं घर आठवतं, आणि माघातल्या कोरड्या, पिवळ्या उन्हाची ती दुपार, जेव्हा छावणीतल्या रशियन बाईंनी आपल्या दिवंगत वडिलांचं तैलचित्र अब्बांच्या स्वाधीन केलं. इंग्रज निघायच्या तयारीत होते. बाईही बोटीने जाणार होत्या, आणि एवढं मोठं चित्र सोबत नेणं अशक्य होतं. माणूस पाठवीन, तोवर सांभाळा, एवढंच त्या म्हणाल्या. अब्बा त्यांचे शिंपी. त्यांनी मान डोलावली.

चित्रातला वृद्ध छातीभर पदकं लावून बसला होता. निळा रेशमी पट्टा, शुभ्र कल्ले; पण डोळ्यांखालची थकलेली, सुजरी कातडी चित्रकाराने जराही लपवली नव्हती. अब्बा बराच वेळ न्याहाळत राहिले आणि म्हणाले, "कोट खांद्यात सैल पडलाय. शिवला तेव्हा हा माणूस धडधाकट असणार." त्यानंतर मला त्या पदकांची भीती वाटेनाशी झाली.

अम्मीला मात्र वाटे, तसबीर असलेल्या घरात रहमतचे, अल्लाची दया घेऊन येणारे फरिश्ते पाऊल टाकत नाहीत. म्हणून नमाजाच्या वेळी अब्बा चित्रावर चादर ओढत. तेवढ्यावर भागत होतं. पण चैत्रात माझा सात महिन्यांचा भाऊ युसूफ तापाने फणफणला, औषध लागू पडेना, आणि अम्मी, कर्जतकडच्या शेतकऱ्याची लेक, कधी नव्हे तो आवाज चढवून म्हणाली, "अहो, त्या तसबिरीतल्या म्हाताऱ्याला भाईर काढा. पोराच्या उशाशी फरिश्ते येतील तरी कसे?"

"शब्द दिलाय," अब्बा म्हणाले. अंगणात ठेवावं तर वळवाचे ढग, आणि शेजारी कुणी ते घरात घेईना. अब्बांनी चादर तेवढी कायमची टाकून ठेवली. मला त्यांचा भयंकर राग आला. आजही थोडा येतो, खोटं कशाला बोलू.

चौथ्या दिवशी युसूफ गेला.

मूठमाती देऊन अब्बा परतले ते थेट भिंतीपाशी गेले आणि चित्र उतरवू लागले. अम्मी उठली आणि तिने चौकट खालून धरली. रडून रडून तिचा घसा बसला होता.

"ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "अल्लानं सांभाळाया दिलेली एक अमानत घरातनं गेली. दुसरी तरी जिची तिला पोचू द्या."

बाईंचं पत्र आलं नाही, माणूसही आला नाही. पुढे कितीतरी वर्षं दारात कुणाची सायकल थांबली, की अम्मी पदर सावरत लगबगीने उठायची. ती बाईंच्या माणसाचीच वाट पाहत होती, की युसूफची, हे तिला विचारण्याचं धैर्य मला कधीच झालं नाही.