चिंचणीला मी गेलोच नव्हतो

मुलगी म्हणते, बाबा, हे एकदा कुठेतरी लिहून टाका. म्हणून लिहितोय. आधीच सांगतो, मी झूलॉजीचा माणूस. भूतबाधा, दृष्टान्त वगैरेंवर माझा विश्वास तेव्हा नव्हता आणि खरं सांगायचं तर आजही नाही. तरीही हा प्रकार माझ्याच बाबतीत घडला, आणि तोही मी तिथे हजर नसताना...

साठच्या दशकातली गोष्ट. तारापूरला वीजकेंद्राचं बांधकाम जोरात चालू होतं. पुढे त्याचं गरम पाणी समुद्रात सोडलं जाणार होतं. त्याआधी तिथल्या समुद्रात काय काय जगतंय ते पाहायचं, हे आमचं काम. त्यासाठी तीन डोलकाठ्यांचं एक जुनं शिडाचं जहाज मिळालं होतं. सूक्ष्म जीव पकडायची जाळी ओढताना जहाज अगदी सावकाश जावं लागतं, ते शिडांवर छान जमायचं. मी मूळचा अकोल्याचा. समुद्र पहिल्यांदा पाहिला तोच कॉलेजात असताना! सुरुवातीला जहाजावर मी दोनच कामं करत होतो — ओकायचं, आणि मधल्या वेळात नमुने बाटल्यांत भरायचे.

जहाज किनाऱ्याजवळ नांगरलेलं असलं की मी चिंचणीला उतरायचो. तिथे जानीबाय नावाच्या मच्छीमार बाईंकडे पुढची खोली भाड्याने घेतली होती. पन्नाशीची बाई, आवाज खणखणीत. मला जेवायला वाढताना, "अकोल्याला मासलीच नाय? मंग जगता कसे?" असं दरवेळी विचारायची. तिचा मुलगा पोशा माझ्याच वयाचा, त्याच्याशी माझी चांगली गट्टी होती. तो मासेमारीला जायचा तो शेजारच्या काळूच्या होडीवर. काळू आणि त्याची बायको लक्षी यांच्या घराला आणि जानीबायच्या घराला मिळून मध्ये एकच कुडाची भिंत. पण काळूशी माझं बोलणं 'काय, बरं ना?' एवढंच.

दिवाळी होऊन गेली होती. त्या दिवशी आम्ही समुद्रात इतके आत होतो की किनारा दिसतही नव्हता. दुपारची जेवणं झाली आणि बॅरोमीटर भराभर उतरायला लागला; वादळाचंच लक्षण. आमचे कप्तान गोव्याचे, एरवी फार मवाळ माणूस. पण त्या दिवशी त्यांचा आवाज चढला. शिडं उतरवायला लावली, आणि कोठारातून मेणकापडाचे नवेकोरे पिवळे कोट काढून सगळ्यांना दिले. वायरलेसवरून मुंबईला कळवलं. पण चिंचणीच्या किनाऱ्यावरच्या माणसांना कोण आणि कसं कळवणार?

कठड्याचा दोर धरून मी पूर्वेकडे बघत उभा होतो. डोक्यात एकच — आज पोशा निघणार. 'जानीबाय, पोशाला जाऊ देऊ नको.' तेवढंच, पुन्हा पुन्हा. कदाचित तोंडाने पुटपुटलोही असेन. माझा सहकारी कुरियन शेजारीच होता. एक लाट डेकवर आली तेव्हा त्याने माझा दंड घट्ट धरला आणि संध्याकाळपर्यंत सोडला नाही.

वादळाने आमची एक डोलकाठी मोडली. माणसं वाचली. जहाज कसंबसं किनाऱ्याशी आलं तेव्हा मी छोट्या होडीतून चिंचणीला उतरलो.

मला बघताच जानीबाय धावत आली आणि वाळूतच माझ्या पायांवर पडली.

"सायेब, तुमी नसते आले तर माजा पोशा गेला असता!"

"मी? मी कधी आलो?"

"त्या दिवशी, दुपारचे. मी बोंबील उलटवत होते. तुमी मागून आले, डोक्यापासून पायापरत भिजलेले. ऊन होता आनि तुमी भिजलेले! मी बोलले, पानी देते, बसा. तुमी बसले नाय. 'पोशाला जाऊ देऊ नको' बोलले, आनि गेले."

मी हसलो. म्हटलं, जानीबाय, दुसरा कोणी असेल.

"दुसरा कोन? तुमीच. तो पिवला कोट घातलेला."

माझं हसू तिथेच थांबलं. तो कोट मी त्याच दुपारी, समुद्रात, पहिल्यांदा अंगावर घातला होता. गावात तो कोणी पाहिलेला असणं शक्यच नव्हतं.

पोटात कळ आल्याचं सोंग करून जानीबायने पोशाला घरी ठेवून घेतलं होतं. वादळाचं तिच्या मनातही नव्हतं; तिला वाटलं, पोशाच्या एकट्याच्या जिवावरचं काहीतरी आहे. काळू मात्र निघाला. पोशाच्या जागी लक्षीचा धाकटा भाऊ दामू गेला. बहिणीला भेटायला म्हणून आला होता तो.

होडी परत आली नाही.

लक्षी दारात बसली होती. मी समोर जाऊन उभा राहिलो. तिने वर पाहिलं. आवाज अजिबात चढवला नाही तिने.

"सायेब, कूड मधी एकच हाय. तिकडे सांगितला, आमाला का नाय सांगितला?"

"लक्षी, मी आलोच नव्हतो गं. मी जहाजावर होतो. कुरियनला विचार, कप्तानांना विचार."

"मंग कोन आलेला?"

काय झालं कोण जाणे, मी तिला जे खरं होतं ते सांगून टाकलं — की त्या वेळी मी फक्त उभा राहून पोशाची काळजी करत होतो. बाकी काही केलं नाही.

ती उठून उभी राहिली.

"आमचा नाव नाय आला मनात?"

मी मान खाली घातली. खरंच नव्हतं आलं. त्या होडीवर पोशाबरोबर काळू असतो हे मला पक्कं ठाऊक होतं, तरी नव्हतं आलं.

"एक डाव आमचा नाव घ्यायचा होता," एवढंच म्हणून ती आत गेली.

कुरियन म्हणायचा, यात तुझी काय चूक? बरोबर आहे. माणूस काळजी करतो ती ज्याच्या घरी जेवतो त्याची. पण हे स्वतःला कितीही समजावलं तरी लक्षीचा तो प्रश्न जात नाही. जानीबायला भास झाला म्हणावं, तर कोटाचं काय? आणि ते खरं मानावं, तर माझ्या नुसत्या मनात येण्याने एक वाचला आणि त्याच्या जागी दुसरा गेला, हेही मानावं लागतं. दोन्ही मला झेपत नाही.

पुढे बरीच वर्षं मी जहाजांवर काढली. हवा बिघडली की मी कठड्याशी जाऊन उभा राहायचो आणि चिंचणीच्या त्या आळीतली घरं एकेक करून आठवायचो. लक्षीच्या घरापासून सुरुवात करायची, मग पुढची सगळी, एकही न गाळता. किनाऱ्यावर गेलो की आडून आडून चौकशीही करायचो — मी मध्ये येऊन गेलो होतो का?

नाही. पुन्हा कोणाच्याही दारात मी गेलो नाही.